यादीतलं सहावं नाव

प्रेमला साळवे असं पूर्ण नाव सिंगापुरातल्या मराठी माणसांत कुणाला सांगावं लागत नसे. नुसतं ताई म्हटलं तरी पुरत होतं. सिन्नर तालुक्यातल्या एका कोरड्या गावातली ही बाई. गावातली पहिली बी.कॉम. झालेली मुलगी. चौऱ्याण्णव साली नवऱ्याबरोबर इथे आली. नवरा भाऊसाहेब, जहाजबांधणीच्या यार्डात वेल्डिंग तपासणारे इंजिनियर. ताईंना पुढे हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत काम मिळालं. जहाजावर चढणाऱ्या मालाचे कागद तपासायचे. कंटेनरचा नंबर, वजन, मालाचं नाव, पोचायचं बंदर. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर माल भलत्याच धक्क्यावर उतरतो. इतक्या वर्षांत ताईंच्या हातून असा एकही कंटेनर भलतीकडे गेला नाही, हे त्या स्वतः कधी सांगत नसत. त्यांच्या ऑफिसातली मलय बाई सांगायची.

नवीन मराठी कुटुंब विमानातून उतरलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताईंचा फोन जायचाच. ज्वारीचं पीठ टेक्का मार्केटात कुठल्या दुकानात मिळतं, शाळेच्या अर्जाला कुठले कागद लागतात, कुठला डॉक्टर मुलांना ओरडत नाही, हे सगळं त्या सांगायच्या. बाळंतिणीला अळिवाची खीर करून डब्यात घालायच्या आणि क्लेमेंटीतल्या आपल्या घरून सेंगकांगपर्यंत एमआरटी मेट्रोने घेऊन जायच्या. डबा परत मागायच्या नाहीत. मागणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. वडिलांनी एवढं एकच वळण लावलं होतं, की द्यायचं आणि बाजूला उभं राहायचं. ताईंनी ते अंगात मुरवून घेतलं होतं.

तरी एक गोष्ट त्यांना हवी होती, आणि ती कुणी आपणहून देईल अशी नव्हती.

इथल्या मराठी माणसांचं एक शेजार मंडळ होतं. गणपती, दिवाळी, तिळगूळ, महाराष्ट्र दिन असं वर्षाचं कॅलेंडर मंडळ छापायचं आणि ते घराघरांत फ्रिजवर लागायचं. चौदा एप्रिल त्यात नव्हता. बाबासाहेबांची जयंती बौद्ध कुटुंबं आपली आपण करायची. कुणाच्या तरी सोसायटीतला, म्हणजे कॉन्डोतला हॉल घ्यायचा, फोटोला हार घालायचा, दोन भाषणं आणि जेवण. चाळीस माणसं, दर वर्षी तीच. ताईंना वाटायचं, ज्या मंडळाच्या गणपतीत आपण दहा दिवस राबतो, त्याच्या कॅलेंडरवर हा दिवस असायला हवा. सगळ्यांच्या मुलांनी यावं, ऐकावं. जयंती उरकली, असं दर वर्षी घरी परत येताना वाटतं, ते वाटू नये.

पण मंडळाचा नियम होता. कॅलेंडरचा विषय फक्त समितीतला माणूसच मांडू शकत होता. म्हणून दोन हजार पाच साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, ताई निवडणुकीला उभ्या राहिल्या.

ही निवडणूक कशी होती ते आधी सांगितलं पाहिजे. पूर्वी नऊ जागांना प्रत्येकाला नऊ मतं असत. दोन हजार एक साली एका गटाने नऊच्या नऊ जागा घेतल्या. दुसऱ्या गटामागे जवळजवळ निम्मी माणसं होती, त्यांच्या हाती काही लागलं नाही. ती रुसली आणि दोन वर्षं त्यांनी दिवाळी वेगळी केली. मग वन-नॉर्थला संशोधनाच्या नोकरीत असलेल्या प्रबोधने नवे नियम लिहून काढले. कागदावर दोन गटांच्या दोन याद्या. मतदाराने एका गटावर खूण करायची आणि त्याच गटातल्या एकाच नावापुढे फुली मारायची. गटाला जेवढी मतं, त्या प्रमाणात जागा. आणि त्या जागांवर गटातलं कोण बसणार, ते फुल्यांवरून ठरणार. ज्याला जास्त फुल्या तो वर.

प्रबोधने हे सभेत समजावलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. आता कुणी उपाशी राहणार नाही, असं जो तो म्हणाला. यादीत आपल्या वर-खाली ज्यांची नावं आहेत, ज्यांच्याबरोबर आपण एकाच पत्रकावर हसत फोटो काढलाय, त्यांच्याशीच आता आपली शर्यत आहे, हे मात्र कुणी उघड बोललं नाही. अशा गोष्टी आपल्यात उघड बोलत नाहीत.

ताई अंगण गटात होत्या. त्याच यादीत मीनल होती. तांजोंग पगारला बँकेत मोठ्या हुद्द्यावर, जिभेने तिखट, मनाने साफ, ताईंची जुनी मैत्रीण. आणि उज्ज्वल होता. नागपूरकडचा इंजिनियर, तिशीतला, हुशार, बोलताना वाक्य संपायच्या आधीच पुढचं वाक्य सुरू करणारा. तोही बौद्ध. त्याला आणि त्याच्या बायकोला, एकताला, विमानतळावरून घरी आणलं होतं ते ताईंनीच.

प्रचार ताईंनी मनापासून केला. तीन रविवार त्या गटाचं पत्रक घेऊन बुकित बातोकपासून ताम्पिनीसपर्यंत फिरल्या. लोक विचारायचे, ताई, गटावर खूण करतो, पण फुली कुणापुढे मारू? ताई म्हणायच्या, सगळी आपलीच माणसं आहेत, कुणापुढेही मारा. लोक हसायचे, म्हणायचे, तुमचं काय, तुम्ही तर येणारच. ताईही हसायच्या आणि लिफ्टकडे वळायच्या.

ऑगस्टातल्या एका रविवारी दुपारी कम्युनिटी क्लबातल्या खोलीत मतमोजणी झाली. अंगण गटाला एकशे अठ्ठेचाळीस मतं, समोरच्यांना एकशे सोळा. प्रबोधने फळ्यावर गणित मांडलं. अंगणला पाच जागा. टाळ्या झाल्या. मग फुल्या मोजल्या. मीनलला तेवीस. उज्ज्वलला पंधरा, तो पाचवा. प्रेमला साळवे अकरा. सहावं नाव.

ज्या यादीला इतकी मतं मिळाली त्यातली कितीतरी ताईंनी दारोदार फिरून आणलेली होती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ताईंनी उठून उज्ज्वलच्या पाठीवर हात ठेवला, मीनलला पेढा भरवला आणि खुर्च्या एकावर एक रचायला लागल्या.

घरी आल्यावर भाऊसाहेबांनी टीव्ही लावला, बंद केला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "माझी फुली उज्ज्वलला होती."

ताई भाजी चिरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"शीटमध्ये माझा नंबर तिकडे होता," भाऊसाहेब म्हणाले.

कुठलं शीट, ते दुसऱ्या दिवशी उज्ज्वलनेच येऊन सांगितलं. त्याचे डोळे सुजलेले होते. बौद्ध कुटुंबांतली एकोणीस मतं होती. उज्ज्वलने आणि आणखी दोघांनी एक्सेलमध्ये त्यांची वाटणी केली होती. ताईंना सगळं मंडळ ओळखतं. त्यांना बाहेरची किमान वीस मतं आहेतच. मग आपली त्यांच्यावर कशाला घालवायची? चौदा उज्ज्वलला, पाच ताईंना. म्हणजे आपली दोन माणसं समितीत जातील. हिशेब कागदावर अगदी बरोबर होता.

"बाहेरची वीस धरली होती, ताई," तो म्हणाला. "आली सहा."

सहा हा आकडा ताईंनी मनाशी दोनदा म्हटला. पाच फुल्या आपल्यांच्या, त्यातली एक स्वतःची. उरलेल्या सहा.

त्या आठवड्यात मीनल आली. येताना पुरणपोळ्या घेऊन आली, आणि मीनल पुरणपोळ्या करते म्हणजे काहीतरी फार बिनसलेलं असतं, हे ताईंना ठाऊक होतं. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग मीनलने स्वतःच विषय काढला. आपल्या कॉन्डोतल्या, ओळखीतल्या सगळ्या बायकांशी ती मतदानाआधी बोलली होती. ताईंबद्दल कुणाच्याच मनात वाकडं नव्हतं. पण सगळ्यांनी तोच विचार केला होता.

"काय विचार?"

मीनल म्हणाली, "की तुमची माणसं तुम्हाला सगळी मतं देणारच. मग आमची कशाला. आमची मी घेतली."

हे ऐकून ताई उठल्या, खिडकीपाशी गेल्या, उगाच दोरीवरचा टॉवेल सारखा केला. आपल्या माणसांनी धरलं की बाहेरचे देतील. बाहेरच्यांनी धरलं की आपले देतील. मध्ये जी जागा रिकामी राहिली तिथे आपण उभ्या होतो. यात कुणी फसवलं नव्हतं, कुणी डाव टाकला नव्हता. म्हणून रागवायलाही कुणी नव्हतं. अकरा वर्षं ज्यांच्या घरी अळिवाची खीर नेली, त्यांच्या मनातसुद्धा ताईंची माणसं म्हणजे कोणी दुसरीच होती, एवढं मात्र कळलं.

सप्टेंबरात समितीची कॅलेंडरची बैठक झाली. उज्ज्वलने विषय मांडला. मनापासून मांडला, पण भरभर मांडला. अध्यक्ष गोड बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "ते तुमचं तुम्ही दर वर्षी छानच करता की." बाकीच्यांनी माना हलवल्या. पत्रकात दोन ओळींची सूचना देऊ, असं ठरलं. उज्ज्वल खाली बसला. त्याने हे येऊन सांगितलं तेव्हा ताईंनी त्याला दोष दिला नाही. फक्त अध्यक्षांचं वाक्य पुन्हा एकदा, जसंच्या तसं म्हणायला लावलं.

तुमचं तुम्ही. दोन शब्द. ते पुढची दोन वर्षं ताईंच्या डोक्यात राहिले. हार्बरफ्रंटच्या खिडकीतून बाटाम बेटाकडे जाणारी फेरीबोट सुटताना दिसायची, कागद समोर असायचे, आणि मध्येच ते दोन शब्द येऊन बसायचे.

दोन हजार सात साली ताई पुन्हा उभ्या राहिल्या. गट तोच, यादीत मीनल आणि उज्ज्वलही होते. नाव दिलं त्या संध्याकाळी त्यांची मुलगी ऋचा कॉलेजातून आली आणि टेबलावरचं पत्रक पाहून इथल्या पोरींच्या ढंगात म्हणाली, "आई, मागच्या वेळी तू कुणाला मत मागितलंसच नाहीस. यू नेव्हर आस्क, लाह. मग लोक देणार कसे?"

भाऊसाहेब म्हणाले की आपल्यात असं स्वतःसाठी मागत नाहीत. ऋचा म्हणाली, "मग आपल्यात असंच हरतात." आणि आपल्या खोलीत निघून गेली.

दोन दिवसांनी उज्ज्वल आला. या वेळी तोच आधी आला, लॅपटॉप घेऊन. शीट तयार होतं. बौद्ध मतं आता चोवीस झाली होती. त्यातली अठरा ताईंना, सहा त्याला. मागच्या वेळची चूक भरून काढायची होती त्याला. अठरा फुल्या म्हणजे ताई नक्की आत. त्याने स्क्रीन ताईंकडे वळवली.

ताईंनी ती नीट पाहिली, कंपनीतले कागद पाहायच्या तशी. मग म्हणाल्या, "हे पुसून टाक."

"का?"

"ज्याची फुली त्यानं मारावी. कुणी कुणाची वाटायची नाही."

"ताई, मग कुणाला किती पडतील, सांगता येणार नाही."

"नको सांगूस."

उज्ज्वलने समजावायचा प्रयत्न केला. या वेळी गटाला पाच जागा मिळतील असं दिसत नव्हतं. समोरच्यांनी जोर धरला होता. चारच आल्या तर एकेक फुली मोलाची होती. ताईंनी ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की मी आपल्याच अठरा मतांवर निवडून गेले तर बाहेरचे मागच्या वेळी जे बोलले ते खरं ठरेल. मग समितीत बसून मी सगळ्यांचा म्हणून तो दिवस कुठल्या तोंडाने मागू? तिथे पुन्हा तेच ऐकायचं का, तुमचं तुम्ही? मी बाहेरच्यांकडे मागणार आहे. आपल्यांकडेही मागणार आहे. तूही माग.

"म्हणजे मी तुमच्याविरुद्ध मागायचं?"

"त्याच यादीत आहोत ना आपण. मग आणखी काय असतं?"

"मी पडेन, ताई."

"पडशील. नाहीतर मी पडेन."

उज्ज्वलने लॅपटॉप मिटला. चहा घेतला नाही. दारातल्या चपला घालताना त्याला वेळ लागला.

मग ताई फिरल्या. पहिलं घर सेंगकांगचं होतं, क्षिप्राचं. मूळची पुण्याची, अकाउंटंट. तिच्या दोन्ही बाळंतपणांत ताई गेल्या होत्या. तासभर बसल्या. मुलांच्या परीक्षा, नवीन मेड, सासूबाईंचा गुडघा, सगळं बोलून झालं. निघायची वेळ झाली तरी ते एक वाक्य तोंडातून फुटेना. ताई लिफ्टपर्यंत गेल्या. लिफ्ट आली, उघडली, मिटली. ताई मागे फिरल्या आणि पुन्हा बेल वाजवली.

क्षिप्राने दार उघडलं. काही विसरलात का, असं तिने विचारलं.

"मला तुझं मत हवंय," ताई म्हणाल्या. "गटाला नाही. माझ्या नावापुढे फुली."

क्षिप्रा गडबडली. "अहो ताई, तुम्हाला तर तुमची माणसं..."

"तू माझी नाहीस, असं मी कधी म्हटलं?"

क्षिप्रा दाराला धरून उभी राहिली. तिचे कान लाल झाले. तिने ताईंना पुन्हा आत घेतलं, आणि मागच्या वेळी फुली कुणापुढे मारली होती ते न विचारता सांगितलं. ताईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

पहिल्या घरी जेवढं जड गेलं तेवढं पुढे गेलं नाही. नांगर पहिल्या तासाला अडतो, मग माती सैल होत जाते, तसं झालं. ताई दारातच सांगायच्या, आज मी मागायला आले आहे. काही जणी हसल्या. एकीने तोंडावर सांगितलं की तिची फुली मीनलला आहे. ताईंनी तिचे आभार मानले, कारण खरं सांगितलं होतं. समोरच्या गटातल्या घरांतही त्या गेल्या. तिथे मत मागता येत नव्हतं, म्हणून कॅलेंडरचं बोलल्या. निवडून आले तर चौदा एप्रिलचा विषय आणणार आहे, तेव्हा तुमच्या माणसांना सांगून ठेवा, इतकंच.

मीनलला तर त्यांनी फोनवर आधीच सांगितलं होतं, तुझ्या बायकांकडे येतेय. मीनल म्हणाली, "या. पण मीही तुमच्याकडच्यांकडे जाणार." आणि खरंच गेली. दोन बौद्ध घरांत भाकरी खाऊन आली आणि तिथली एक फुलीही घेऊन आली, हे तिने नंतर ताईंना चिडवत सांगितलं.

मोजणीच्या दिवशी त्याच खोलीत तोच फळा होता. अंगणला एकशे अठ्ठावीस मतं, समोरच्यांना एकशे बावन्न. उज्ज्वल म्हणाला होता तसंच झालं, जागा चार. शिरीष गटाचा प्रमुख होता, त्याला तीस. मीनलला चोवीस. प्रेमला साळवे बावीस. चौथ्याला सतरा. उज्ज्वलला चौदा.

उज्ज्वलने टाळ्या वाजवल्या. एकता मात्र उठून बाहेर गेली. ताईंना वाटलं, आपण जावं तिच्यामागे. पण काय सांगायचं ते सुचलं नाही, म्हणून त्या गेल्या नाहीत. पुढचे सात-आठ महिने साळव्यांच्या घरी उज्ज्वल आला नाही. ताईंनी दोनदा फोन केला. एकताने दोन्ही वेळा तो कामात असल्याचं सांगितलं. हे ताईंना लागलं. त्यांनी ते लपवलंही नाही. पण शीट पुसायला सांगितलं ते चुकलं, असं त्या कधीही म्हणाल्या नाहीत.

सप्टेंबरातल्या बैठकीत ताईंनी विषय मांडला. हळू मांडला. अध्यक्ष आता समोरच्या गटाचे, चारुदत्त नावाचे बँकवाले होते. त्यांनी विचारलं की हा कार्यक्रम तुम्ही करताच, तर मंडळाने वेगळा कशाला करायचा? ताई म्हणाल्या, "मला बावीस फुल्या पडल्या. त्यातल्या आमच्या घरांतल्या किती, बाहेरच्या किती, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. हा विषय त्या बावीसांचा आहे." मग मीनलने हात वर केला, समोरच्या गटातल्या दोघींनी केला, शिरीषने केला. सहा हात वर आले. दोन विरोधात. चारुदत्त तटस्थ राहिले, पण कॅलेंडरच्या छपाईवर त्यांचीच सही लागत होती, आणि त्यांनी ती त्याच संध्याकाळी केली.

दोन हजार आठ साली चौदा एप्रिलला सोमवार होता, म्हणून कार्यक्रम तेराला, रविवारी झाला. कम्युनिटी क्लबचा हॉल. एकशे दहा माणसं आली, त्यातली निम्मी तरी पहिल्यांदाच. क्षिप्राचा मोठा मुलगा इंग्रजीत बोलला, अडखळत, पण बोलला. भाऊसाहेबांनी माइक नीट लागतोय का ते सहा वेळा तपासलं.

उज्ज्वल आणि एकता उशिरा आले आणि मागच्या रांगेत बसले. जेवणाच्या वेळी उज्ज्वल ताट घेऊन ताईंजवळ येऊन उभा राहिला. भात संपत आल्यावर तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मी पुन्हा उभा राहतोय. याच गटात."

"राहा की."

"तुमच्या घरी येणार आहे मागायला. तुमची आणि साहेबांची, दोन्ही फुल्या."

ताईंनी त्याच्या ताटात एक लाडू वाढला. "ये," त्या म्हणाल्या. "साहेबांचं साहेबांना विचार. माझं नाव त्याच यादीत असणार आहे."